सासऱ्यांचा आवाज मी पुसला

माझ्या सासऱ्यांच्या आवाजाची एकच नोंद उरली होती आणि ती माझ्या बायकोच्या हातून पुसली गेली, असं आमच्या सगळ्या सोयऱ्यांत मानलं जातं. ते खरं नाही. ती नोंद मी पुसली. तिनं फक्त एक नाव टाइप केलं होतं, आणि ते बरोबर टाइप केलं होतं.

इतकंच लिहून थांबलो तर लोक म्हणतील, म्हातारा बायकोवरचा आळ स्वतःच्या अंगावर ओढून घेतो आहे, मनाचा चांगला आहे. तसं कोणी म्हणू नये म्हणून कसं घडलं ते सगळं लिहितो. त्यात थोडं कॉम्प्युटरचं बोलणं येईल. ज्यांना त्यातलं काही कळत नाही त्यांनाच ते कळावं अशी माझी इच्छा आहे, कारण वर्षानुवर्षं हसत आलेले तेच आहेत.

सासरे चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाण्यावर धान करणारे. वर्षभर चिखलातला माणूस, पण दिवाळी झाली आणि गावात मंडई भरली की दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या ढोलकीवरच्या नाचगाण्यांच्या खेळात, गायला उभे राहायचे. आमच्या भागात मंडईला पाहुण्यांनी घरं भरतात, लेकी माहेरी येतात, दुपारभर बाजार आणि दंडार चालते. सासऱ्यांचा गळा गोड नव्हता. थोडा नाकातला होता, आणि ओळीतला शेवटचा शब्द ते अर्धाच म्हणून ढोलकीवाल्याकडे बघायचे, जणू उरलेला शब्द त्यानं वाजवायचा आहे. लोकांना तेच आवडायचं. मी गोंदियाला रेडिओ-टेप दुरुस्त करायचो, म्हणून मला पाहिलं की म्हणायचे, "जवाई, माया गळ्यातली खरखर काहाडून द्याल का? पैसे नाइ देनार, पोरगी देली आहे."

आमचं लग्न झालं त्याच्या पुढच्या मंडईला मी टेपरेकॉर्डर घेऊन गेलो आणि त्यांची एक आख्खी कॅसेट भरून आणली. तिच्यात गाणी होती, गर्दी होती, कुणा भजेवाल्याची हाक होती. आणि दोन गाण्यांच्या मधे सासरे म्हणत होते, "बाई, पानी आन व." बाई म्हणजे माझी बायको, माहेरी तिला सगळे बाईच म्हणतात. त्यावर ती, तेव्हाची अगदी कोवळ्या आवाजाची, लांबून म्हणत होती, "आनतो बाबा." घरात ती कॅसेट लागली की मी गाण्यांसाठी ऐकायचो. ती त्या एका हाकेसाठी ऐकायची. हाक येऊन गेली की उठून कामाला लागायची.

सासरे वारले. नंतर कॅसेटचे दिवसही सरले. माझ्या दुकानात दुरुस्तीला काही येईना, तेव्हा मी लोकांच्या जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर घेऊन त्यांच्या सीडी करून द्यायला लागलो. लग्नातली गाणी, कुणाच्या आजोबांचं भजन, नाटकं, दंडार. सेकंडहँड मशीन घेतली होती. गिऱ्हाइकांच्या सीड्यांतून सारखे व्हायरस येत, म्हणून एका इंजिनियर गिऱ्हाइकानं त्यात लिनक्स टाकून दिलं आणि काळ्या पडद्यावर हुकूम कसे द्यायचे ते शिकवलं. मला ते फार आवडलं. सोल्डरिंग करणाऱ्या माणसाला आवडणारच. एक तार इथून तिथे जोडली की तिकडे दिवा लागतो, तसं होतं.

मी एक स्क्रिप्ट लिहिली. स्क्रिप्ट म्हणजे एकापाठोपाठ द्यायचे हुकूम एका फाइलीत लिहून ठेवायचे आणि मशीननं ते वरून खाली वाचत जायचं. माझी स्क्रिप्ट आधी गिऱ्हाइकाचं नाव विचारायची. त्या नावाचं फोल्डर करायची, कॅसेट त्यात उतरवायची, सीडी भरायची, तेच नाव सीडीच्या कव्हरवर छापायची. सगळं झालं की त्या फोल्डरमधे शिरून आतला माल पुसून टाकायची, कारण डिस्क लहान होती. हे सगळं नुसतं नाव टाइप करून एंटर दाबल्यावर. गिऱ्हाइकांसमोर मी ते मुद्दाम करून दाखवायचो.

बायको दुपारी दुकानात येऊन बसायला लागली ती त्या स्क्रिप्टमुळेच. मी आतल्या टेबलावर टेप खोलून बसलेला असायचो आणि ती काउंटरवर. दोन बोटांनी टाइप करायची, ओठ हलवत एकेक रोमन अक्षर शोधायची. नवं अक्षर सापडलं की कीबोर्डकडे बघून "हे पाय, इथं लपून बसलं होतं" म्हणायची. तिला ते काम आवडत होतं. हे मी लिहून ठेवतो आहे, कारण आज ती म्हणते की तिला ते कधी जमलंच नाही. जमत होतं. दुकानात बरीच गिऱ्हाइकं तिलाच विचारत यायची.

आता नावातल्या मोकळ्या जागेबद्दल.

एकदा एका कपडेवाल्यानं नाव आणि आडनाव दोन्ही सांगितलं. बायकोनं दोन शब्द टाइप केले, आणि मशीननं दोन शब्दांची दोन फोल्डरं करून ठेवली. कॅसेट कुठे गेली ते सापडेना. इंजिनियर आला तेव्हा मी विचारलं. तो हसला. म्हणाला, काका, मशीनला हुकुमातली मोकळी जागा दिसली की ती तिथे तोडते. तिला वाटतं ही दोन वेगळी नावं आहेत. माणूस काय टाइप करेल ते आपल्या हातात नसतं, म्हणून त्यानं दिलेलं नाव पुढे पाठवताना दोन्ही बाजूंनी अवतरणचिन्हं लावायची. मग ते जसं आहे तसं, एक म्हणून जातं.

माझी आई विड्या वळायची. दोऱ्यानं बांधलेला कट्टा एक म्हणून मोजला जायचा, सुटलेल्या विड्या एकेक करून निवडल्या जायच्या. मला लगेच समजलं. दोरा बांधायचा, इतकंच.

"पण सगळीकडे लावा हं, काका," तो म्हणाला होता. "जिथे जिथे नाव येतं तिथे."

मी चार ठिकाणी लावली. फोल्डर करायच्या, कॅसेट उतरवायच्या, सीडी भरायच्या आणि कव्हर छापायच्या ओळीत, कारण त्रास तिथेच झाला होता. खाली पुसापुशीच्या ओळीपर्यंत गेलोच नाही. ते चालत होतं, चालत्या मशीनला कशाला पेचकस लावायचा, ही माझी जुनी सवय. त्याऐवजी मी बायकोला बजावलं, "नावात जागा सोडत नको जाऊ. जोडून लिवत जा. न्हाइ तं मशीन अडकते." मशीन नीट करायची सोडून मी माणसाला सूचना दिली. ती सूचना तिनं पुष्कळ महिने पाळली.

त्याच दिवसांत मी सासऱ्यांची कॅसेट कॉम्प्युटरवर घेतली. फीत इतकी जुनी झाली होती की उतरवून होता होता शेवटी डेकमधे गुंतून चुरगळली, दोन जागी तुटली, जोडून पुन्हा वाजवण्यासारखी राहिली नाही. मला वाईट वाटलं, पण काळजी वाटली नाही. गाणी तर मशीनमधे आली होती. सीडी लगेच करता आली असती. पण मला त्यातली खरखर काढायची होती. सासरे म्हणायचे ना. बायकोच्या मोठ्या भावाला आणि तिला दोघांना एकदम स्वच्छ करून द्यावं असं मनात होतं. म्हणून ती फाइल मी कुठल्या फोल्डरमधे न ठेवता बाहेरच, कॅसेटांच्या मुख्य जागी, जिथे गिऱ्हाइकांची फोल्डरं व्हायची तिथेच, मोकळी ठेवली होती. वेळ मिळाला की हात घालता यावा म्हणून. तिथे माझ्या आणखी दोन-तीन फाइली पडलेल्या असायच्या.

मग एक दिवस देवरीकडून बसनं एक म्हातारी आली. पदराच्या टोकाला बांधून कॅसेट आणली होती. नवरा त्या वर्षीच गेलेला. तोही दंडारीतला.

मी आत होतो, पण मधे नुसता पडदा, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

"कोनाच्या नावानं करू, माय?" बायकोनं विचारलं.

"माया मालकाच्या."

"नाव सांगा ना मंग."

"अवं, मी कशी घेऊ त्याइचं नाव? तू घेते का तुया नवऱ्याचं?"

"नाइ घेत."

"मंग मले काऊन घ्याले लावते?"

दोघी हसल्या. मीही आत हसलो. बायको म्हणाली, "पन मशीनले तं लागते ना नाव. तुमच्या पोरीले फोन करून इचारू का?"

"पोरीले कायले? लिव ना, मोठीचे बाबा. जलमभर मी तेच म्हनलं. आता सीडीवर दुसरं लिवलं तं घरी गेल्यावर मले वाटन का हे दुसऱ्याच मानसाचं घेऊन आलो."

बायकोनं कीबोर्डवरची बोटं उचलली. मग पडद्याकडे तोंड करून मला म्हणाली, "ऐकलं का जी? मोठीचे बाबा असं लिवाचं आहे. जोडून लिवलं तं कवरवर बरं नाइ दिसत. मधात जागा सोडू का?"

माझ्या हातात सोल्डर होतं, तोंडात तार धरलेली. मी म्हटलं, "हूं."

मी ऐकलं होतं. अर्धवट नाही, पूर्ण ऐकलं होतं. पुसण्याच्या ओळीत मी दोरा बांधलेला नाही हे तेव्हा डोक्यात आलं नाही, हे खरं. पण तिनं विचारलं होतं आणि मी होकार दिला होता, हेही खरं.

म्हातारीची सीडी उत्तम झाली. कव्हरवर नाव छापून आलं तेव्हा तिला वाचता येत नव्हतं, तरी तिनं त्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हे मोठीचे, अन् हे बाबा?" बायको म्हणाली, "हो." सीडी पदरात बांधून ती बस पकडायला गेली.

मशीननं मागे काय केलं ते सांगतो. स्क्रिप्टच्या शेवटी माझ्या दोन ओळी अशा होत्या:

cd $nav
rm -f *

पहिली ओळ म्हणते, त्या नावाच्या फोल्डरमधे शीर. दुसरी म्हणते, जिथे उभी आहेस तिथलं सगळं पूस. पहिल्या ओळीत नावाला अवतरणचिन्हं नव्हती. म्हणून मशीननं "मोठीचे बाबा" तोडलं आणि "मोठीचे" नावाचं फोल्डर शोधायला गेली. तसं फोल्डर नव्हतंच. तिनं पडद्यावर एक ओळ टाकली की सापडलं नाही, आणि पुढच्या हुकुमाकडे वळली. आत शिरलीच नव्हती, बाहेरच उभी होती. बाहेर जे मोकळं पडलं होतं ते तिनं पुसून टाकलं. काउंटरवर शेवटी नेहमीसारखं "झालं" असं आलं, कारण "झालं" हा शब्द काहीही झालं तरी लिहायचा असं मीच तिला सांगून ठेवलं होतं.

दिवेलागणीला मी सासऱ्यांची फाइल उघडायला गेलो तर ती नाही. माझ्या बाकीच्या मोकळ्या फाइलीही नाहीत. आणि म्हातारीचं फोल्डर, जे रिकामं व्हायला हवं होतं, ते जसंच्या तसं भरलेलं. ते भरलेलं फोल्डर पाहिलं तेव्हाच मला सगळं कळलं. स्क्रिप्ट उघडून बघायची गरज नव्हती, तरी उघडली. ती ओळ समोर होती.

बायको शटर ओढायच्या आधी झाडत होती. तिनं माझं तोंड पाहून विचारलं, "का झालं जी?"

मी म्हटलं, "बाबाची फाइल गेली."

"कशी गेली?"

"तू नावात जागा सोडली होती ना?"

"हो."

"सांगतलं होतं ना तुले."

यातला एकही शब्द खोटा नाही. तिनं जागा सोडली होती, मी पूर्वी सांगितलं होतं. या खऱ्या शब्दांनी मी जे केलं ते मला कुठल्याही खोट्यानं साधलं नसतं. ती झाडू धरून तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "मी इचारलं होतं ना जी तुम्हाले?"

मी तिच्याकडे न बघता म्हटलं, "मले नाइ आयकू आलं." हे मात्र खोटं होतं.

इंजिनियरला फोन केला. तो म्हणाला, मशीन ताबडतोब बंद करा, त्यावर काही नवीन घेऊ नका. पण म्हातारीनंतर आम्ही एका लग्नाच्या दोन कॅसेटी त्याच डिस्कवर घेतल्या होत्या. तो येऊन बसला, खूप वेळ खटपट केली. हाती आले ते लग्नातल्या बँडचे तुकडे आणि मधे कुठेतरी ढोलकीचे पाच-सहा ठोके. ते ठोके सासऱ्यांच्या कॅसेटीतले की दुसऱ्या कुणाच्या, तेही सांगता येईना.

तो गेल्यावर बायको घरी स्वयंपाकाला गेली आणि मी स्क्रिप्ट दुरुस्त केली. त्या दिवशी मात्र सगळीकडे केली. जिथे नाव येत होतं तिथे अवतरणचिन्हं लावली. कोणी नावाच्या सुरुवातीला आडवी रेघ टाइप केली तर मशीननं तिला हुकूम समजू नये, म्हणून नावाच्या आधी दोन रेघा दिल्या. आणि आत शिरता आलं नाही तर तिथेच थांबायचं, पुढे काही पुसायचं नाही, असं लिहिलं:

cd -- "$nav" || exit 1

एवढी एक ओळ. ती लिहायला विडी पेटवण्याइतकाही वेळ लागला नाही. त्यानंतर त्या मशीनमधे कुणी कितीही शब्दांचं नाव टाइप केलं असतं तरी काही बिघडलं नसतं. पण बायकोला मी हे सांगितलं नाही. मशीन सुधारली होती हे तिला सांगायचं म्हणजे मशीन बिघडलेली होती हे कबूल करणं आलं. त्यामुळे ती पुढेही घाबरतच नावं जोडून लिहीत राहिली. मग तिनं नावं लिहिणं सोडलं. म्हणायची, "तुम्हीच लिवा. माया हातचं नको." नंतर दुकानात येणंही सोडलं.

पुढच्या मंडईला सासुरवाडीला गेलो तेव्हा मेहुण्यांनी विचारलं, "जवाईबापू, बाबाची सीडी?" मेहुणे म्हणजे तिचे मोठे भाऊ. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "दादा, माया हातून पुसली गेली." मी बाजूला उभा होतो. मी म्हटलं, "होते असं कधी कधी." लोकांना माझा मोठेपणा वाटला.

तेव्हापासून ती गोष्ट घरातला विनोद होऊन बसली. मेहुणे मनाचे वाईट नाहीत, पण जिभेला हाड नाही. दर मंडईला पंगतीत कुणीतरी म्हणायचं, "बाईच्या हाती ताट देऊ नका रे, पुसून टाकन." कुणाच्या मोबाईलमधून फोटो गेला की, "बाईनं हात लावला का?" ती सगळ्यांबरोबर हसायची. हसून झालं की भांडी घासायला मागे जायची. कधी मी पाहिलं तर भांडी आधीच घासलेली असायची.

मी का बोललो नाही तेही लिहितो. पहिल्या दिवशी लाज वाटली. मग जितका उशीर झाला तितकं सांगणं अवघड झालं. मग वाटलं, आता ती विसरली असेल.

ती विसरली नव्हती, हे या वर्षीच्या मंडईला दिसलं. मेहुणे आता थकले आहेत, दम लागतो, खुर्चीवर बसूनच दंडार पाहिली. ढोलकी चालू होती आणि त्यांनी एकदम बहिणीचा हात धरला. विनोदानं नाही. म्हणाले, "बाई, एकदा बाबाचा आवाज आयकाले भेटला असता तं बरं झालं असतं व." ती खाली वाकली आणि सगळ्यांसमोर भावाच्या पायाला हात लावून म्हणाली, "दादा, मले माफ कर. माया हातून गेलं." मेहुणे म्हणाले, "अवं, मी त्यासाठी नाइ म्हनलं." पण ती रडत होती. सत्तरीला टेकलेली बाई, न केलेल्या गोष्टीची माफी मागत होती, आणि ज्यानं केलं तो दोन हात अंतरावर उभा राहून हातातला चहा सांडू नये एवढंच बघत होता.

तिथे मी बोललो नाही. हेही लिहिलंच पाहिजे.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी समोर जाऊन बसलो आणि शेंगा घेतल्या. बराच वेळ सोलल्या. मग म्हटलं, "ते बाबाची फाइल तुया हातून नाइ गेली."

तिनं वर पाहिलं नाही. "मंग कोनाच्या?"

मी सांगायला लागलो. अवतरणचिन्हं, फोल्डर, हुकूम. तिचा चेहरा कोरा. मी म्हटलं, "असं समज, मी तुले म्हटलं, आतल्या खोलीत जा अन् तिथलं सगळं झाडून टाक. अन् खोलीचं नाव मी असं अर्धं तोडून सांगतलं का तुले ती खोली सापडलीच नाइ."

"तं मी परत येऊन इचारीन ना, कोनती खोली."

"मशीन नाइ इचारत. तिले सांगा लागते का खोली नाइ सापडली तं थांब. ते मी सांगतलं नव्हतं. मंग तिनं अंगनात उभं राहून अंगनातलंच झाडून टाकलं. बाबाची फाइल अंगनात होती."

तिनं एक शेंग अर्धी सोलून तशीच धरून ठेवली. "म्हंजे मी जागा सोडली म्हनून नाइ?"

"लोकं जागा सोडनारच. नावात जागा असतेच. ते सांभाळनं माहं काम होतं."

"तुम्हाले कवा समजलं?"

"त्याच दिवशी. तू झाडत होती तवाच."

शेजारच्या घरी कुणी कुकर लावला होता, त्याच्या शिट्ट्या होऊन गेल्या. मग तिनं ते विचारलं, जे ऐकावं लागू नये म्हणून मी कितीतरी वर्षं टाळत होतो.

"मी पडद्याकडे तोंड करून इचारलं होतं. तुम्हाले आयकू आलं होतं का?"

"आलं होतं."

"मले वाटत रायलं का मी हळू बोलली असन," ती म्हणाली. "माहा आवाजच तसा आहे असं वाटत रायलं."

तिनं सोललेले दाणे उचलले आणि आत गेली. दुपारी जेवण वाढलं, पण दुसऱ्यांदा भात घ्यायचा का ते विचारलं नाही. संध्याकाळी मी दिवाणावर बसलो होतो, तिनं माझाच फोन आणून माझ्या मांडीवर ठेवला.

"दादाले लावा."

"उद्या लावू?"

"आताच. अन् आवाज मोठा ठेवा, मले आयकाचं आहे."

मेहुण्यांनी उचलला. "बोला जवाईबापू, पोचले का बराबर?"

मी सांगितलं. शेंगा सोलताना सांगितलं तसंच, खोली आणि अंगण. बाईची काही चूक नव्हती, माझ्या लिहिण्यात चूक होती, असं म्हटलं. मेहुण्यांचा दम ऐकू येत होता. ते म्हणाले, "अरे बापा. मशीनची चूक होती म्हना ना मंग."

"हो," मी म्हटलं.

बायको समोर उभी होती. तिनं मान हलवली. "नाइ. पुरं सांगा. मी इचारलं होतं ते सांगा."

मग मी तेही सांगितलं. की तिनं मला विचारलं होतं, मी हूं म्हटलं होतं, संध्याकाळी ऐकू आलं नाही म्हणालो, आणि मशीन दुरुस्त करून गप्प बसलो. हे सांगताना माझा आवाज मलाच नीट ऐकू येत नव्हता, पण ती मोठ्यानं बोला असं म्हणाली नाही.

मग मेहुणे म्हणाले, "बाईले द्या."

तिनं फोन घेतला, मोठा आवाज बंद केला आणि बाहेर अंगणात गेली. खिडकीतून मला तिची पाठ दिसत होती. पहिल्यांदा ती फक्त ऐकत होती. पदर डोळ्याला लावला, मग काढला. मग म्हणाली, "नको रे दादा, तू कायले माफी मांगतं? तुले थोडी माईत होतं." पुढे बराच वेळ तिनं त्यांना औषधं विचारली, वहिनी रात्री भात देते की पोळी ते विचारलं, धान किती निघालं ते विचारलं. एका ठिकाणी दोघं बाबांच्या त्या अर्ध्या सोडलेल्या शेवटच्या शब्दावर बोलत असावेत, कारण तिनं एक ओळ गुणगुणली आणि शेवट अर्धाच ठेवला, आणि पलीकडून भावानं तो पुरा केला असणार, कारण ती हसली. इतकी मोकळी हसताना मी तिला माहेरच्या कुणाबरोबर कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं.

आत आली तेव्हा फोन माझ्या हातात दिला. बॅटरी गरम झाली होती.

"दादा म्हनते, पुढच्या मंडईले दोघंही या."

"मंग?"

"मी म्हनलं, मी येईन. त्याइचं त्याइले इचार." आणि भात लावायला गेली.